जीएनएम झालंय, रजिस्ट्रेशन आहे. आता डिग्री कुठून करायची?

सोलापुरात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून नोकरीला लागलेल्या सिस्टर-ब्रदर मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: “ताई, ऑनर्सची नर्सिंग डिग्री आम्हाला करता येते का? आणि नोकरी न सोडता करता येते का?” यात दोन प्रश्न एकत्र झालेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी ऑनर्सचं बघू. एम्सची बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी आहे आणि ती बारावी सायन्सनंतरची आहे. जीएनएम झालं म्हणून तिच्या दुसऱ्या वर्षात थेट बसता येत नाही. रजिस्टर्ड नर्ससाठी भारतीय नर्सिंग परिषदेनं वेगळा अभ्यासक्रम आखला आहे: पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, २ वर्षं, पूर्णवेळ. दिल्लीच्या एम्समध्येही जीएनएमवाल्यांसाठी हीच पोस्ट बेसिक आहे. महाराष्ट्रात ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतून होते. नावात ऑनर्स नसलं तरी पुढच्या सगळ्या वाटा याच डिग्रीवर उघडतात, त्यामुळे त्या एका शब्दासाठी जीव टाकू नका.

कोणत्या वाटा? एम.एस्सी. नर्सिंगला पोस्ट बेसिक चालते. नर्सिंग स्कूल-कॉलेजात ट्यूटर व्हायचं तर किमान ही पदवी लागते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट परीक्षा असते. तिला जीएनएमवाल्या उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पदवीवाल्याला ही अट नाही. आपल्याकडे ३० खाटांच्या नर्सिंग होममध्ये पाच-सहा वर्षं मन लावून काम केलेल्या सिस्टर आहेत, त्यांचा तो अनुभव या अटीत मोजलाच जात नाही. अशांना पदवीनं खरोखर फरक पडतो.

एक नाव मात्र नीट वाचा. पोस्ट बेसिक डिप्लोमा वेगळा आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी. वेगळी. क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, ऑपरेशन रूम असे डिप्लोमे १ वर्षाचे असतात. ते चांगले आहेत, पण ती पदवी नव्हे. जाहिरातीत ‘पोस्ट बेसिक’ एवढंच मोठ्या अक्षरात असेल तर पुढचा शब्द शोधा.

दुसरा प्रश्न नोकरीचा. २ वर्षांची नियमित पोस्ट बेसिक नोकरी सांभाळून होत नाही. तिची रचनाच तशी आहे. पहिल्या वर्षाला थिअरीचे ५२५ तास आणि प्रॅक्टिकलचे ८१०, दुसऱ्या वर्षाला ३४५ आणि ८५५. फक्त बालरोग नर्सिंगचे प्रॅक्टिकल २४० तास, म्हणजे रोजचे ६ तास धरले तर पूर्ण ४० दिवस. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत किमान ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास १०० टक्के भरून द्यावे लागतात. रात्रपाळी करून सकाळी क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रॅक्टिकलला, येणाऱ्यांचं पहिले दोन-तीन महिने निभतं. मग झोप मागं राहते, हजेरी घसरते आणि मार्चच्या सुमारास राहिलेले तास भरण्याची घाई होते. रात्रपाळीनंतर सकाळी लहान मुलांचे डोस काढणं हे रुग्णासाठीही धोक्याचं आहे, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

इथंच ‘नॉन-अटेंडिंग’चा दलाल भेटतो. ड्युटी करत डिग्री, फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो. कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे ही बोलणी चालतात. क्लिनिकल न करता मिळवलेल्या पदवीवर पुढे रजिस्ट्रेशन, नोकरीची पडताळणी किंवा परदेशी अर्ज, कुठंही एकदा तास आणि तारखा तपासल्या की सगळं उघडं पडतं: त्याच काळात त्याच माणसाचं दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र आणि कॉलेजची पूर्ण हजेरी! अशा वेळी पदवी तर जातेच, मूळच्या जीएनएम रजिस्ट्रेशनवरही संशय येतो. म्हणून फी भरण्याआधी दोनच गोष्टी बघा. भारतीय नर्सिंग परिषदेच्या त्या शैक्षणिक वर्षाच्या यादीत कॉलेजचं नाव पोस्ट बेसिकसाठी आहे का, आणि विद्यापीठाच्या संलग्नतेत किती जागा आहेत. कॉलेजला बी.एस्सी.ची मान्यता आहे म्हणजे पोस्ट बेसिकचीही आहे, असं नसतं.

कागद

पात्रता सोपी आहे: बारावी, जीएनएम आणि राज्य परिषदेकडे नर्स आणि मिडवाइफ म्हणून रजिस्ट्रेशन. बारावी आर्ट्सची असली तरी चालते. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो आणि त्या वर्षाची माहितीपुस्तिका हाच शेवटचा शब्द, ग्रुपवर फिरणारी मागच्या वर्षीची पीडीएफ नव्हे.

अभ्यासात कच्चे म्हणून प्रवेश हुकलेले कमी, कागदात अडकलेले जास्त. सगळ्यात मोठी अडचण नावाची. दहावी, बारावी, जीएनएमच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र माहेरच्या नावानं. आधार, बँक खातं सासरच्या नावानं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदल केला असेल तर राजपत्राची प्रत ही दोन्ही स्कॅन करून तयार ठेवा. अर्ज मात्र शैक्षणिक कागदांवरच्या नावानंच भरा. अर्धी माहिती माहेरच्या नावानं आणि अर्धी सासरच्या नावानं भरली की पडताळणीत त्रुटी निघालीच.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. जात प्रमाणपत्र आणि वैधता ही वडिलांच्या बाजूनं चालते. नॉन-क्रिमीलेअरसाठीसुद्धा विवाहित मुलीच्या आईवडिलांची स्थिती बघितली जाते, नवऱ्याची नाही. तरी दरवर्षी कुणीतरी नवऱ्याच्या उत्पन्नावर दाखला काढून आणतं आणि राखीव जागा हातची जाते. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षाचा, त्या वर्षाला तो लागू आहे ना, हे आधी बघा. वैधता प्रमाणपत्र नसेल तर जिल्हा जात पडताळणी समितीकडे लगेच अर्ज टाका, पावतीची प्रत जपून ठेवा. हे काम पंधरा दिवसांत होईल अशा भरवशावर कुणी राहू नये.

सोलापूरची खास अडचण म्हणजे कर्नाटक. आपल्या कितीतरी मुलींनी जीएनएम विजयपूर, कलबुर्गी किंवा बिदरकडे केलेलं असतं आणि रजिस्ट्रेशन बेंगळुरूच्या कौन्सिलचं असतं. इथं प्रवेशासाठी आणि नोकरीसाठीही ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आणावं लागतं. क्रम असा: आधी मूळ कौन्सिलकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि पडताळणी, मग इकडे नोंदणीचा अर्ज. पडताळणीचं पत्र एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे जातं. ते आपल्या हातात नसतं, म्हणून वेळ लागतो. डिग्रीचा विचार मनात आला त्याच महिन्यात हा अर्ज करून टाका. सीईटीचा निकाल लागल्यावर सुरुवात केली तर प्रवेशाच्या फेऱ्या संपून जातात.

रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं. प्रमाणपत्राच्या मागची तारीख आजच बघा. नोकरी चालू असताना कुणी ते विचारत नाही, आणि प्रवेशाच्या दिवशी मात्र पहिलं तेच मागतात. जीएनएमनंतर मधे दोन-तीन वर्षं घरी असाल तर त्या मधल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोकरीत असाल तर रुजू आणि कार्यमुक्त अशा दोन्ही तारखा असलेलं अनुभवपत्र घ्या, ‘आमच्याकडे काम करत होत्या’ एवढंच लिहिलेलं नको.

सरकारी सेवेत असलेल्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. अर्ज वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरमार्फत मेट्रनकडे आणि तिथून पुढे जातो. त्याबरोबर परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. बंधपत्रातली वर्षं आणि रक्कम सही करण्याआधी वाचा. पुढं लगेच एम.एस्सी. किंवा परदेशाचा बेत असेल तर हे बंधपत्र मधे येतं. खासगी रुग्णालयातल्यांना बहुधा राजीनामाच द्यावा लागतो. शक्य असेल तर सुट्टीत बदली ड्युटी मिळेल असं बोलणं करून ठेवा, इन्चार्ज सिस्टर बहुतेक वेळा मदत करतात.

फीचं थोडक्यात: खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती आकडेवारी उघड असते. त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज पहिल्याच महिन्यात भरा आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते तपासा. शिष्यवृत्ती अडकण्याचं नेहमीचं कारण हेच.

दहा वर्षांच्या अनुभवाचं काय होतं

पोस्ट बेसिकला बसलेली नर्स हातानं तयार असते. शीर सापडत नसलेल्या बाळाला ती पहिल्या प्रयत्नात कॅन्युला, म्हणजे शिरेतून औषध द्यायची बारीक नळी, लावते. अडतं ते लिहिताना. जे हात आपोआप करतो त्याचं कारण कागदावर मांडायचं, हाच या दोन वर्षांचा गाभा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. राउंडला डॉक्टरांना ‘पेशंट बरी वाटत नाही’ असं सांगणारी सिस्टर आणि ‘चालल्यावर नाडी २८नं वाढते, पॅड तासाभरात भिजलं’ असं सांगणारी सिस्टर, यांच्यात जो फरक आहे तो या लिखाणातून तयार होतो.

एक उदाहरण घेऊ. सिझेरियनचा दुसरा दिवस, हिमोग्लोबिन ७.८, बाई उठली की गरगरतं. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी योजनेत, हमखास लिहिलं जातं: ‘ॲनिमिया. वायटल्स घेतले. आयर्न दिलं. पेशंटला धीर दिला.’ ही नोंद परत येते, कारण ॲनिमिया हे डॉक्टरांचं निदान आहे. नर्सिंग निदानाला तीन तुकडे लागतात: अडचण, तिचं कारण आणि डोळ्यांना दिसलेला पुरावा. म्हणजे असं: हालचाल सहन न होणं, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी असल्यामुळे, पुरावा म्हणून, पलंगावर उठून बसताना चक्कर, दहा पावलं चालल्यावर नाडी ८८ वरून ११६. मग उद्दिष्ट. ‘पेशंटला बरं वाटेल’ हे मोजता येत नाही. ‘४८ तासांत आई चक्कर न येता, एका माणसाच्या नुसत्या सोबतीनं पलंगापासून बाथरूमपर्यंत जाऊन येईल’ हे मोजता येतं.

पुढे प्रत्येक कृतीसमोर कारण. आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवलं आणि मग उभं केलं, कारण आडव्याचं एकदम उभं झालं की रक्तदाब उतरतो आणि ती पडू शकते. गोळीच्या आसपास तासभर चहा आणि दूध टाळायला सांगितलं, कारण दोन्हींमुळे लोह कमी शोषलं जातं. लिंबूपाण्याबरोबर चालतं. पॅड आणि गर्भाशयाचा घट्टपणा प्रत्येक पाळीत बघितला, कारण हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या बाईला थोडा जास्तीचा रक्तस्रावही झेपत नाही. बाळाला पाजताना कुशीवर झोपवून पाजायला शिकवलं, कारण बसून पाजताना ती दमते आणि मग पाजणंच टाळते. शेवटी मूल्यमापन, आणि तिथं खरं लिहायचं. ४८ तासांनी ती बाथरूमपर्यंत गेली पण परत येताना बसावं लागलं, तर ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’ असं लिहून प्लॅन बदला. सगळीकडे ‘साध्य’ लिहिलेली वही तपासनीस पहिल्या दोन पानांत ओळखतात.

विषयांपैकी बारावी आर्ट्सवाल्यांना बायोकेमिस्ट्री-बायोफिजिक्स जड जातं. रोज अर्धा तास, फक्त आकृत्या आणि मार्ग हातानं काढण्याचा रियाज ठेवा. वाचून ते डोक्यात राहत नाही. मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल मात्र गमतीचं आहे. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून ओळखण्याच्या पद्धतीत, क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, मग अल्कोहोल काही सेकंद, शेवटी सॅफ्रॅनिन. घोळ होतो तो अल्कोहोलच्या पायरीला. ते जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवे असलेले जंतूही गुलाबी दिसतात आणि अख्खं उत्तर उलटं होतं. स्लाइडवरून वाहणाऱ्या अल्कोहोलला रंग येणं थांबलं की लगेच पाण्यानं धुवा.

पास व्हायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल स्वतंत्रपणे ५० टक्के लागतात. बहुतेक लेखी विषयांत ७५ गुण विद्यापीठाच्या परीक्षेचे आणि २५ अंतर्गत असतात. पण ५० टक्क्यांवर समाधान मानू नका. एम.एस्सी.ला एकूण ५५ टक्के लागतात, शिवाय किमान १ वर्षाचा अनुभव. पोस्ट बेसिकवाल्यांना तो अनुभव पदवीच्या आधीचाही चालतो, ही आपली जमेची बाजू आहे. ५३ टक्क्यांवर पदवी घेतलेल्यांना मात्र वाट तिथंच बंद होते, आणि ते बहुतेकांना पास झाल्यानंतर कळतं.

दुसऱ्या वर्षाचं समाजशास्त्र, शिक्षण, प्रशासन हे वॉर्ड सांभाळलेल्यांना सोपं जातं. ड्युटी रोस्टर, इंडेंट (सामानाची मागणी), निर्लेखन (निकामी सामान नोंदीतून काढणं) हे सगळं हाताखालून गेलेलं असतं. मानसिक आरोग्य नर्सिंगचे २४० तास मात्र मन लावून करा. जनरल वॉर्डात दारू अचानक बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी भ्रमिष्ट होणारा रुग्ण आपण सगळ्यांनीच बांधून ठेवलेला पाहिला आहे. त्याला आधीच ओळखता येतं, हे इथं शिकायला मिळतं.

संशोधन: इथं सगळ्यात जास्त दमछाक

संशोधन आणि संख्याशास्त्राला थिअरी ४५ तास, प्रॅक्टिकल १२० तास. वेळ कमी, म्हणून सगळे एकच साचा उचलतात: अमुक विषयावरच्या माहितीपुस्तिकेची परिणामकारकता. आधी चाचणी, मग शिकवणं, मग तीच चाचणी. अर्थातच गुण वाढतात. शिकवल्यावर पाच-सात दिवसांत तेच प्रश्न विचारले तर वाढणारच. नोकरी केलेल्या नर्सनं याहून बरा विषय घ्यावा, कारण तिच्याकडे प्रश्न आहेत.

उदाहरणार्थ, आयव्ही कॅन्युलाच्या जागेची सूज. प्रत्येक पाळीत जागा बघायची, ० ते ५ असा फ्लेबायटिसचा (शिरेच्या सुजेचा) स्कोअर द्यायचा, कॅन्युलाचा नंबर, जागा, बसवल्याची वेळ आणि काय औषध गेलं ते लिहायचं. साधा, खर्च नसलेला, वॉर्डच्या उपयोगाचा विषय. पण एक खाच आहे. एकाच रुग्णाला आठवड्यात तीन कॅन्युला लागल्या तर ते तीन वेगळे रुग्ण नव्हेत. त्याच्या शिरा आणि त्याची औषधं तीच राहतात. म्हणून एका रुग्णाची पहिलीच कॅन्युला मोजायची, असं सुरुवातीलाच ठरवून टाका. शेवटी ठरवलं तर निम्मी माहिती फेकावी लागते.

दोघी बघणार असाल तर पाहणी सुरू करण्याआधी दहा-पंधरा कॅन्युला दोघींनी स्वतंत्रपणे बघून स्कोअर द्या आणि ते किती जुळतात ते तपासा. चेकलिस्टची विश्वासार्हता अशीच काढतात. बरोबर-चूक उत्तरांच्या ज्ञानचाचणीला केआर-२० हे सूत्र आणि ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ अशा मापनश्रेणीला क्रोनबॅक अल्फा. सरसकट अल्फा लिहिणारे तोंडी परीक्षेत अडकतात.

नमुना किती घ्यायचा? ‘सर म्हणाले ६०’ हे उत्तर नव्हे. प्रमाण काढायचं असेल आणि आधीचा अंदाज नसेल तर ते ५० टक्के धरतात. १० टक्के चूक चालवून घेतली तर सूत्रानं ९६ येतात, ५ टक्के चूक धरली तर ३८४. दोन वर्षांच्या कामात ९६ झेपतात. मार्गदर्शकांशी बोलून कमी घ्यायचे ठरले तर तसं कारणासकट लिहा. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-पाहणीला, साधारण दहावा हिस्सा घ्या आणि ते लोक पुढे मुख्य नमुन्यात घेऊ नका.

संख्याशास्त्रीय चाचण्यांचं एवढंच ध्यानात ठेवा: त्याच लोकांची आधी-नंतरची तुलना असेल तर पेअर्ड टी, दोन वेगळ्या गटांची असेल तर अनपेअर्ड, आणि वय-शिक्षणाशी संबंध बघायचा तर काय-स्क्वेअर. काय-स्क्वेअरच्या तक्त्यात अपेक्षित संख्या ५ पेक्षा खाली गेली तर गट एकत्र करा किंवा २ बाय २ च्या तक्त्याला फिशरची चाचणी लावा. ६० जणांना शिक्षणाच्या सहा गटांत विभागलं की हे होणारच.

समाज आरोग्य नर्सिंगचे २४० तास आणि संशोधन जोडता आलं तर उत्तम, आणि त्याला सोलापूरसारखं गाव नाही. पूर्व भागातल्या विडी कामगार बायका, यंत्रमागावरचे कामगार, कुंभारीकडची गोदूताई परुळेकर वसाहत आणि तिथलंच रे नगर. विषय हात जोडून उभे आहेत: दिवसभर मांडी घालून विड्या वळल्यानं होणारी पाठदुखी, तंबाखूची धूळ, गरोदरपणी लोहाच्या गोळ्या मधेच सोडणं. मात्र प्रश्नावली नुसती मराठीत नेली तर पूर्व भागात फसाल. घरात तेलुगू बोलतात, काही भागांत कन्नड. मराठी प्रश्नाचं तेलुगू करून घ्या, मग दुसऱ्याच माणसाकडून ते परत मराठीत आणा आणि दोन्ही मराठी जुळतात का बघा. शेजारच्या मुलीला जागेवर दुभाषी करून विचारलेले प्रश्न प्रत्येक घरी वेगळे होतात. शिवाय पाळी-गर्भपाताबद्दल शेजारणीसमोर कुणी खरं बोलत नाही.

वेळेचंही भान हवं. विड्या जमा करायला जायच्या वेळी बाई घरी नसते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. आषाढीला जिल्ह्याची सगळी आरोग्य यंत्रणा पंढरपूरकडे वळते, तेव्हा कुठल्याही कार्यालयात परवानगीच्या पत्राचा पाठपुरावा होत नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारानंतर घरोघरी हिंडू नका. म्हणून एथिक्स कमिटीची मंजुरी आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र पावसाळ्याच्या सुरुवातीला मागा, माहिती दिवाळीनंतर गोळा करा.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर

इग्नूची पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा सरळ मार्ग आहे. किमान ३ वर्षं, नोकरीत असलेल्या रजिस्टर्ड नर्ससाठीच. बारावी आणि जीएनएम असेल तर रजिस्ट्रेशननंतरचा २ वर्षांचा अनुभव मागतात. ओपननेट नावाची प्रवेश परीक्षा असते आणि प्रत्येक केंद्रावर जागा मोजक्या. घरी बसून होणारी पदवी मात्र ती नव्हे. प्रात्यक्षिकांसाठी केंद्राच्या कॉलेजात सलग हजर राहावं लागतं, त्या दिवसांची रजा आधीच मागून ठेवा. असाइनमेंट वेळेत न गेल्या तर परीक्षेला बसता येत नाही, आणि इग्नूचं शिक्षण रखडतं ते बहुतेक इथंच.

परदेशातल्या ऑनर्स टॉप-अपचीही चौकशी हल्ली खूप असते. ब्रिटनमध्ये ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची. डिप्लोमाचे २४० आधीच असलेली रजिस्टर्ड नर्स शेवटचे १२० क्रेडिट करून ऑनर्स मिळवते. त्यात संशोधनाची पद्धत, नेतृत्व आणि एक मोठा प्रबंध असतो. ७० किंवा जास्त गुणांना फर्स्ट, ६० ते ६९ ला अप्पर सेकंड. तिथं नोकरीला असलेल्या नर्ससाठी ही सोय सुरेख आहे. पण तिथं रुजू व्हायला ही पदवी लागत नाही. जीएनएमवरही ब्रिटनच्या कौन्सिलकडे अर्ज करता येतो. त्यासाठी संगणकावरची परीक्षा, ऑस्की ही प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा आणि इंग्रजी लागतं: आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं ७ आणि लेखन ६.५. उलट, टॉप-अप पदवी घेतली म्हणून तिथलं रजिस्ट्रेशनही मिळत नाही. आणि सोलापुरात बसून ऑनलाइन केलेली अशी पदवी आपल्या कौन्सिलच्या रजिस्टरवर चढेल, सरकारी भरतीत धरली जाईल, असं गृहीत धरून लाखभर रुपये भरू नका. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘हो चालतं’ पुढे उपयोगी पडत नाही.

पास झाल्यावर एक काम राहून जातं. पदवी आली तरी कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद आपोआप होत नाही. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि मूळ रजिस्ट्रेशन जोडून वेगळा अर्ज करावा लागतो. त्याच अर्जाच्या वेळी नूतनीकरणाची तारीख, नावबदल आणि पत्ता एकदमच दुरुस्त करून घ्या. भरतीची जाहिरात आल्यावर नोंद करायला गेलात तर शेवटची तारीख कौन्सिलच्या पोचपावतीसाठी थांबत नाही.